काम थांबवण्याचा अधिकार: वणीच्या कोळसा खाणींत नेतृत्व कसं वाटलं जातं

वणी तालुक्यात कोळशाशी नातं नसलेलं घर शोधावं लागेल. कुणाचा मुलगा डंपरवर आहे, कुणाचं शेत खाणीत गेलंय, कुणाचा ट्रक रोज काट्यावर रांगेत उभा असतो. उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, पिंपळगाव, घोन्सा, निलजई, नायगाव, मुंगोली ही गावांची नावं आता खाणींचीच नावं झाली आहेत. राजूर आणि कुंभारखणी म्हटलं की जमिनीखालच्या खाणी आठवतात. खासगी कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण 1973 मध्ये झालं आणि 1975 मध्ये कोल इंडियाच्या छत्राखाली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली वेकोलि, नागपूरला मुख्यालय ठेवून उभी राहिली. तेव्हापासून वर्धा खोऱ्यातल्या या पट्ट्याचं दिवसाचं वेळापत्रक तीन पाळ्यांनी ठरतं.

खाणीबद्दल आपण बोलतो ते धुळीबद्दल, मोबदल्याबद्दल, रस्त्यांच्या चाळणीबद्दल आणि नोकऱ्यांबद्दल. ते बोललंच पाहिजे. या लेखात मात्र खाणीच्या आतली एक व्यवस्था उलगडून सांगायची आहे. शेकडो माणसांच्या कामात निर्णयाचा अधिकार एकाच खुर्चीत न ठेवता खालच्या पायरीपर्यंत कसा पोचवायचा, याची ती व्यवस्था आहे. कर्मचाऱ्यांमध्ये नेतृत्व वाटून देण्याविषयी व्यवस्थापनाच्या वर्गात खूप बोललं जातं. कोळसा खाणीत हीच गोष्ट कायद्याने, रजिस्टरने आणि सहीने बांधलेली आहे. ती नीट समजली, तर जिनिंग चालवणाऱ्याला, पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला किंवा दवाखाना सांभाळणाऱ्याला तिच्यातून बरंच काही उचलता येईल.

मॅनेजर एक, कामाच्या जागा अनेक

खाणीची जबाबदारी कायद्याने एका माणसावर असते, ती म्हणजे मॅनेजरवर. 1952 च्या खाण अधिनियमाने प्रत्येक खाणीला ठरावीक पात्रतेचा एकच मॅनेजर असावा, असं घालून दिलं. पण खाण कशी पसरलेली असते ते डोळ्यांसमोर आणा. उघड्या खाणीत वरच्या बेंचवर, म्हणजे खोदलेल्या पायरीवर, माती निघत असते, खालच्या बेंचवर शॉवेल कोळसा भरत असतो, मधल्या हॉल रोडवरून डंपर चढत-उतरत असतात. एका कोपऱ्यात ड्रिलिंग चाललेलं असतं, तळाशी साचलेल्या पाण्यावर पंप सुरू असतो. भूमिगत खाणीत तर एका गॅलरीतून दुसरी दिसतही नाही. मॅनेजर कितीही हुशार आणि कष्टाळू असला, तरी एका वेळी तो एकाच ठिकाणी असणार.

धोका मात्र साहेबांच्या फेरीची वाट पाहत नाही. बेंचच्या काठावर रात्री पडलेली बारीक भेग पहाटे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच दिसते. डंपरचा ब्रेक ढिला झाल्याचं चालवणाऱ्याच्या पायाला कळतं. छतातून माती गळायला लागली की खाली काम करणाऱ्याच्या खांद्यावर पडते. माहिती आधी तळाला पोचते. ती तिथून वर जाऊन, निर्णय होऊन, हुकूम खाली येईपर्यंत जो वेळ जातो, त्यात माणसं दगावतात. म्हणून खाणीच्या नियमांनी निर्णयाचा काही भाग तळालाच ठेवला. मॅनेजरच्या खाली सहायक मॅनेजर, त्यांच्याखाली ओव्हरमन, मग मायनिंग सरदार आणि शॉटफायरर, आणि मग प्रत्यक्ष काम करणारे, अशी ही साखळी. या प्रत्येक कडीला स्वतःचं वजन दिलेलं आहे.

सरदाराचा दंडा

मायनिंग सरदार हे पद बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. पगाराच्या आणि हुद्द्याच्या हिशोबात ते साहेबांच्या रांगेतलं नाही. पण सरदार होण्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि सक्षमतेचं सर्टिफिकेट मिळवावं लागतं. ते सर्टिफिकेट कंपनी देत नाही. खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या, म्हणजे धनबादच्या डीजीएमएसच्या अखत्यारीतलं परीक्षा मंडळ ते देतं. इथेच पहिली महत्त्वाची गोष्ट दिसते. सरदाराचा अधिकार साहेबांच्या मर्जीतून आलेला नाही, त्यामुळे साहेब बदलला तरी तो बदलत नाही.

सरदाराच्या हाती खाणीचा एक ठरावीक भाग असतो. त्याला डिस्ट्रिक्ट म्हणतात. हा भाग एका माणसाला नीट तपासता येईल एवढाच असावा, अशी अपेक्षा असते. पाळी सुरू होण्याआधीच्या दोन तासांत त्याने तो भाग फिरून तपासायचा असतो. भूमिगत खाणीत तो छतावर दंडा ठोकतो. छत घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो. थर सुटला असेल तर आवाज भद्द, पोकळ येतो. ठोकताना तो दुसऱ्या हाताची बोटं छताला लावून ठेवतो, कारण सुटलेला थर बोटांखाली थरथरतो आणि कधीकधी कानाआधी बोटांना समजतं. मग तो वायू तपासतो. खाणीतल्या कुठल्याही जागी ज्वालाग्राही वायूचं प्रमाण 1.25 टक्क्यांवर गेलं, तर तिथून माणसं बाहेर काढलीच पाहिजेत, हा नियम आहे. ऑक्सिजन 19 टक्क्यांखाली असता कामा नये, कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या वर असता कामा नये. उघड्या खाणीत सरदाराची नजर बेंचच्या कडांवर, वर लोंबणाऱ्या दगडांवर, भेगांवर, हॉल रोडच्या कडेच्या बांधावर आणि रात्रपाळीच्या उजेडावर असते.

जागा धोक्याची वाटली की सरदार माणसं मागे घेतो आणि तो भाग अडवून टाकतो. त्यासाठी त्याला वर विचारायला जावं लागत नाही. त्या दिवशी कोळशाचं लक्ष्य काय आहे, रेल्वेचा रेक उभा आहे का, वीज केंद्राचा फोन आला आहे का, यातलं काहीही त्या क्षणी मोठं नसतं. काम थांबवून मग वर कळवायचं, हा क्रम आहे.

आता याची दुसरी बाजू. थांबवण्याचा अधिकार पसरून ठेवलेला आहे, पण पुन्हा सुरू करण्याचा अधिकार आवळून ठेवलेला आहे. एकदा माणसं मागे घेतली की सक्षम माणसाने जागा पुन्हा तपासून सुरक्षित ठरवल्याशिवाय तिथे कुणी पाय ठेवायचा नाही. या व्यवस्थेची सगळी अक्कल या एका फरकात आहे. विनाकारण थांबल्याने थोडा कोळसा कमी निघतो, तो उद्या काढता येतो. चुकून सुरू केल्याने गेलेला जीव परत येत नाही. म्हणून थांबवणं सोपं आणि सुरू करणं अवघड ठेवलं.

शॉटफायररची चावी आणि त्याचा पगार

ब्लास्टिंगमध्ये हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. स्फोट घडवणाऱ्या एक्सप्लोडरची चावी पाळीभर शॉटफायररच्याच ताब्यात राहते. सगळी माणसं सुरक्षित अंतरावर गेली, रस्ते अडवले, इशारा दिला, हे त्याचं समाधान झाल्यावरच चावी फिरते. वरिष्ठ शेजारी उभा असला तरी चावी त्याच्या हातात जात नाही.

याच्या जोडीला नियमांमध्ये एक तरतूद आहे, जी मला या सगळ्या विषयात सर्वांत शहाणपणाची वाटते. ब्लास्टिंगने किती कोळसा किंवा दगड पडतो यावर ज्याची मजुरी अवलंबून आहे, अशा माणसाला शॉटफायरर नेमता येत नाही. कारण उघड आहे. जास्त माल पडला की जास्त पैसे मिळणार असतील, तर 'आज नको' म्हणण्याचा अधिकार कागदावर राहील आणि पोट त्याच्या विरुद्ध ओढत राहील. अधिकार आणि पगार उलट्या दिशांना ओढत असतील, तर जिंकतो पगारच. नेतृत्व वाटून देण्याची भाषा करणाऱ्या पुष्कळ संस्था नेमकी इथे फसतात. तोंडाने 'तुम्हीच निर्णय घ्या' म्हणतात आणि बोनस मात्र फक्त आकड्यावर देतात.

कामगारांचा निरीक्षक आणि पानापानाचं रजिस्टर

सरदार आणि ओव्हरमन हे व्यवस्थापनाच्या साखळीतलेच. पण ज्यांच्यावर या साखळीचा हुकूम चालतो, त्यांचं काय? त्यासाठी खाण नियमांमध्ये कामगार निरीक्षकाची जागा आहे. खाणीत त्याला सगळे वर्कमन इन्स्पेक्टर म्हणतात. 500 किंवा अधिक कामगार असलेल्या खाणीत कामगार संघटनेशी विचारविनिमय करून अनुभवी कामगारांमधून असे निरीक्षक नेमले जातात: एक खाणकामासाठी, एक यंत्रांसाठी, एक विजेसाठी. हा माणूस काल फिटर होता, उद्याही फिटरच असेल. पण निरीक्षणाला निघाला की खाणीतला कुठलाही रस्ता, कुठलंही यंत्र, कामाची कुठलीही जागा पाहण्याचा त्याला अधिकार आहे.

तो पाहिलेलं रजिस्टरमध्ये लिहितो. हे रजिस्टर कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. समजा त्याने लिहिलं की अमुक हॉल रोडच्या वळणावर कडेचा बांध खचला आहे आणि रात्री उजेड कमी पडतो. खाली तारीख, सही. आता चेंडू मॅनेजरच्या अंगणात. त्याने काय केलं, कधी केलं, ते त्याच नोंदीसमोर लिहून सही करायची असते. पानांना क्रमांक असतात, मधलं पान फाडता येत नाही, प्रती निघतात. डीजीएमएसचा अधिकारी तपासणीला आला की हे रजिस्टर मागतो. लिहिलेलं आणि उत्तर न दिलेलं वाक्य तिथे उघडं पडतं.

तोंडी सांगितलेली तक्रार आणि लिहिलेली तक्रार यांत फरक हाच. तोंडी तक्रार सांगणाऱ्याच्या हिमतीवर जगते. त्याची बदली झाली, तो दमला किंवा घाबरला की ती मरते. लिहिलेली तक्रार स्वतःच्या पायावर उभी राहते. नेतृत्व तळापर्यंत पोचवायचं असेल, तर तळाचा माणूस धीट असण्यावर भिस्त ठेवून चालत नाही. साध्या, अबोल माणसाचं म्हणणंही टिकेल अशी जागा करावी लागते.

पिट सेफ्टी कमिटी: टेबलाच्या दोन्ही बाजूंना सारखी माणसं

100 पेक्षा जास्त कामगार असलेल्या खाणीत सुरक्षा समिती असते. तिला पिट सेफ्टी कमिटी म्हणतात. अध्यक्ष मॅनेजर. मॅनेजरने नेमलेले पाच अधिकारी किंवा सक्षम व्यक्ती आणि कामगारांनी दिलेले पाच कामगार. जोडीला कामगार निरीक्षक, आणि सचिव म्हणून सेफ्टी ऑफिसर. बैठक 30 दिवसांतून किमान एकदा. धोकादायक जागांवर उपाय काय, नवा भाग उघडण्याआधी काय काळजी घ्यायची, झालेल्या अपघाताचा अहवाल काय सांगतो, हे विषय इथे येतात.

यात दोन गोष्टी मुद्दाम बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे आकडे सारखे आहेत. दहा साहेबांमध्ये एक कामगार बसवला, तर तो मान हलवण्यापलीकडे काही करू शकत नाही. पाच जण सोबत असले की बोलायला बळ येतं. दुसरी गोष्ट, बैठकीची तारीख अपघातावर अवलंबून नाही. काहीही घडलेलं नसतानाही बसायचंच असतं. कामाबद्दल बोलण्याची सवय शांततेच्या दिवसांत लागते. ती लागलेली असेल तरच अडचणीच्या दिवशी माणसं एकमेकांचं ऐकतात.

2017 च्या कोळसा खाण विनियमांनी याला आणखी एक पायरी जोडली. प्रत्येक खाणीने आपल्या धोक्यांची यादी करून सुरक्षा व्यवस्थापन आराखडा बनवायचा, असं त्यात आलं. असा आराखडा कामगारांना सोबत घेतल्याशिवाय खरा होत नाही, कारण कोणत्या वळणावर डंपर घसरतो हे नकाशा काढणाऱ्याला ठाऊक नसतं. कामगारांना व्यवस्थापनात सहभागी करून घ्यावं, असं राज्यघटनेचं कलम 43 अ सांगतं. ते 1976 मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलं. या कलमाचा आशय कुठे मूर्त झालेला पाहायचा असेल, तर तो अशा रजिस्टरमध्ये आणि अशा बैठकीत पाहता येतो.

हा विचार जगाला कोळशानेच दिला

कामगारांच्या गटाने आपलं काम आपणच सांभाळावं, या विचाराचा अभ्यासू पाया कोळसा खाणीतच घातला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, नवी यंत्रं आली, तरी उत्पादन अपेक्षेइतकं वाढेना आणि गैरहजेरी वाढत चालली. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतले एरिक ट्रिस्ट आणि स्वतः पूर्वी खाणीत काम केलेले केन बॅमफोर्थ यांनी याचा शोध घेतला आणि 1951 मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला.

त्यांना दिसलं ते असं. पूर्वी दोन-चार जणांची टोळी कोळशाचं सगळं काम मिळून करायची. यंत्रं आल्यावर काम तीन पाळ्यांत तोडलं गेलं: एक पाळी कोळसा कापणार, एक यंत्रं हलवणार, एक भरणार. प्रत्येकाला फक्त आपला तुकडा माहीत. आधीच्या पाळीने काम अर्धवट सोडलं की पुढची पाळी अडकते, मग दोष एकमेकांवर. चाळीसेक माणसांना एकत्र बांधणारा साहेब हा एकच धागा उरला आणि तो सगळीकडे पुरा पडेना.

त्याच वेळी काही खाणींमध्ये कामगारांनी वेगळी रीत बसवली होती. यंत्रं तीच, पण सगळ्या गटाने सगळ्या पाळ्यांचं काम आपलं मानायचं. येणाऱ्या पाळीने गेलेल्या पाळीचं काम जिथे थांबलं तिथून उचलायचं. कोण कुठे जाईल ते गटाने ठरवायचं. मजुरी एकत्र घेऊन सारखी वाटायची. ट्रिस्ट यांच्या गटाने पुढे डरहॅमच्या खाणीत एकाच थरातल्या, सारख्याच यंत्रांच्या दोन जागांची तुलना केली आणि 1963 च्या पुस्तकात मांडली. तुकड्यांत तोडलेल्या पद्धतीत उत्पादन संभाव्य क्षमतेच्या 78 टक्के होतं, गटाच्या पद्धतीत 95 टक्के. एकूण गैरहजेरी पहिलीकडे 20 टक्के, दुसरीकडे 8.2 टक्के. अपघातामुळे होणारी गैरहजेरी पहिलीकडे 6.8 टक्के, दुसरीकडे 3.2 टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. यंत्र न बदलता, थर न बदलता, फक्त काम, मजुरी आणि निर्णय यांची वाटणी बदलल्याने एवढा फरक पडला.

हा विचार भारतातही लगेच आला. 1953 मध्ये टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या शेडमध्ये प्रयोग केला. 224 मागांवर 29 कामगार बारा वेगवेगळ्या प्रकारची कामं करत होते आणि कोण कुणाला जबाबदार, याचा घोळ होता. मागांचा एक संच आणि त्याची सगळी जबाबदारी घेणारा एक छोटा गट, अशी मांडणी सुचवली गेली. कामगारांनीच आपापले गट बांधले. काम सुधारलं, कापडाचं नुकसान घटलं. पुढच्या काळाचा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. 1970 च्या सुमारास या प्रयोगाकडे पुन्हा पाहिलं गेलं, तेव्हा काही ठिकाणी पद्धत टिकली होती आणि काही ठिकाणी विरून गेली होती. बाजाराचा दाब वाढला, वरचे लोक बदलले, की जुनी सवय परत येते. वाटून दिलेलं नेतृत्व एकदा देऊन मोकळं होता येत नाही, ते राखावं लागतं.

गाडी कुठे अडते

आपल्या भागात या व्यवस्थेला तीन ठिकाणी ठेच लागते आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

पहिली जागा कंत्राटी कामाची. कोळशावरची माती काढण्याचं मोठं काम आता कोल इंडियाच्या खाणींत कंत्राटदारांकडून होतं. कंत्राटी डंपरवाला खाणीत तितकाच वेळ असतो, तितकाच धोका पत्करतो. पण त्याची नोकरी महिन्याच्या भरवशावर असते आणि बोललं तर उद्या गाडी मिळणार नाही ही भीती सोबत असते. 29 डिसेंबर 2016 रोजी झारखंडच्या राजमहल उघड्या खाणीत मातीचा प्रचंड ढीग घसरून 23 माणसं गेली. ती कंत्राटी कामावरची होती. उघड्या खाणीत मातीचा ढीग आणि बेंच हा किती मोठा धोका आहे, हे त्या दिवशी देशाला कळलं. त्या ढिगाच्या सर्वांत जवळ असणारी माणसंच जर समितीत, रजिस्टरमध्ये आणि प्रशिक्षणात मागे राहत असतील, तर साखळीची सर्वांत खालची कडीच सुटलेली आहे. पिट सेफ्टी कमिटीच्या कामगार प्रतिनिधींमध्ये कंत्राटी कामगाराला खरी जागा मिळणं, ही वणीच्या पट्ट्यातली आजची निकडीची गोष्ट आहे.

दुसरी जागा लक्ष्याची. मार्च जवळ आला की उत्पादनाचा आकडा सगळीकडे ऐकू येतो. अशा दिवसांत थांबवणाऱ्या सरदाराकडे 'काम अडवणारा' म्हणून पाहिलं गेलं, तर पुढच्या वेळी दंडा ठोकताना त्याचा कान तसाच राहील, पण आवाज बाहेर पडणार नाही. थांबवणाऱ्याला वरिष्ठाने सर्वांसमोर 'बरं केलंस' म्हणणं, आणि थांबणं नंतर अनावश्यक ठरलं तरीही म्हणणं, हे फार मोठं काम आहे.

तिसरी जागा शिक्षणाची. 1966 च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार खाणीत येणाऱ्याला सुरुवातीचं प्रशिक्षण आणि दर पाच वर्षांनी उजळणी द्यावी लागते. हे प्रशिक्षण हजेरीपुरतं उरकलं, तर पुढचे सगळे अधिकार पोकळ होतात. छताचा भद्द आवाज कुणीतरी कान धरून ऐकवल्याशिवाय ओळखू येत नाही. कौशल्याशिवाय दिलेला अधिकार म्हणजे माणसावर टाकलेलं ओझं.

आपल्या धंद्यात हे कसं आणायचं

वणीत जिनिंग-प्रेसिंग आहेत, दालमिल आहेत, चुनाभट्ट्या आहेत, गॅरेज आहेत, पतसंस्था आणि दवाखाने आहेत. कुणाला कोळसा खाणीएवढे नियम लागणार नाहीत. पण तत्त्वं तीच लागू पडतात. जिनिंगचं उदाहरण घेऊन पायरीपायरीने पाहू.

कापसातून खडा किंवा लोखंडाचा तुकडा रेच्यात, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रात, गेला की ठिणगी पडते आणि रुईला आग लागायला वेळ लागत नाही. जळका वास सर्वांत आधी येतो तो रेच्यावर कापूस टाकणाऱ्या बाईला. आता तिने काय करायचं? पुष्कळ ठिकाणी ती फिटरला हाक मारते, फिटर सुपरवायझरला शोधतो, सुपरवायझर मालकाला फोन लावतो. तेवढ्यात आग गंजीपर्यंत पोचते.

पहिली पायरी: थांबवणं आणि सुरू करणं हे दोन अधिकार वेगळे करा. रेचा बंद करण्याचं बटण तिथल्या प्रत्येक माणसाच्या हाताशी असू द्या आणि ते दाबायला कुणाची परवानगी लागू नये. पुन्हा सुरू करण्याचा अधिकार मात्र एकाच जाणत्या माणसाकडे, तपासणी झाल्यावर. जपानच्या टोयोटा कारखान्यात कामगाराला अडचण दिसली की तो लगेच इशारा देतो आणि गटप्रमुख धावत येतो. तिथलं सूत्र हेच.

दुसरी पायरी: कोणत्या खुणेवर थांबवायचं ते ठरवून भिंतीवर लिहा. वास, धूर, वेगळा आवाज, पट्टा घसरणं. 'योग्य वाटेल तेव्हा थांबवा' एवढं सांगणं म्हणजे जबाबदारी टाळणं. सरदाराकडे 1.25 टक्के हा आकडा आहे, म्हणून तो ठाम राहू शकतो. आपल्या कामातही असे आकडे आणि खुणा शोधता येतात. पतसंस्थेत हे असं लिहिता येईल: कागद पूर्ण नसेल तर कितीही ओळखीचा माणूस असला तरी कॅशियरने पैसे द्यायचे नाहीत, आणि त्यासाठी त्याला कुणी बोलणार नाही.

तिसरी पायरी: शिकवा, आणि हाताने शिकवा. नव्या माणसाला जुन्याच्या शेजारी उभं करा. बटण एकदा तरी खरोखर दाबायला लावा. पहिल्यांदा दाबताना जो संकोच होतो तो सरावाच्या दिवशीच निघून जाऊ द्या.

चौथी पायरी: वही ठेवा. डाव्या पानावर कामगाराची नोंद, उजव्या पानावर मालकाचं उत्तर, दोन्हीकडे तारीख. ज्याला लिहिता येत नाही त्याचं म्हणणं दुसऱ्याने लिहून वाचून दाखवावं. उत्तर 'होणार नाही' असं असलं तरी कारणासह लिहा. ही वही महिनाभर प्रामाणिकपणे चालली, की कारखान्याचे दुखरे भाग कोणते ते मालकाला स्वतःच्या फेरीपेक्षा जास्त नीट कळू लागेल.

पाचवी पायरी: पाळी देताना आणि घेताना पाच मिनिटं राखून ठेवा. खाणीत येणाऱ्या पाळीचा माणूस गेलेल्या पाळीचा अहवाल वाचून सही करतो. दवाखान्यात रात्रीची नर्स सकाळच्या नर्सला प्रत्येक रुग्ण समजावून देते, तेही हेच. शस्त्रक्रियेच्या खोलीतही काम पुढे नेण्याआधी असंच थांबणं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी यादी दिली, तिच्यात चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबून तपासणी पूर्ण करायची असते. यादी वाचणारी नर्स 'अजून झालं नाही' म्हणाली तर सर्जननेही थांबायचं, हा तिचा गाभा आहे.

सहावी पायरी: महिन्यातून एक ठरलेली बैठक, आणि तिच्यात मालकाच्या बाजूची आणि कामगारांची माणसं सारखी. हंगामी आणि कंत्राटी माणसांना वगळू नका. जिनिंगच्या हंगामात कापसाच्या ढिगावर उभ्या असलेल्या बायाच सर्वांत जास्त पाहतात.

सातवी पायरी: मजुरी तपासा. थांबवल्यामुळे कुणाचे पैसे कापले जात असतील, तर वरच्या सगळ्या पायऱ्या वाया गेल्या. सुरक्षेसाठी थांबलेल्या वेळेची मजुरी पूर्ण द्या. शॉटफायररच्या नियमामागचा विचार इथे तंतोतंत लागू पडतो.

शेवटची जबाबदारी कुणाची

हे सगळं ऐकून मालक मंडळींच्या मनात एक शंका येते: सगळेच निर्णय घेऊ लागले तर माझं काय उरलं? खाणीकडे पाहिलं तर उत्तर मिळतं. सरदाराने अर्धा डिस्ट्रिक्ट बंद केला म्हणून मॅनेजरची जबाबदारी कणभर कमी होत नाही. अपघात झाला तर कायद्यापुढे तोच उभा राहतो. उलट त्याचं काम वाढतं. योग्य माणसाला सरदारपदावर आणणं, त्याचा दंडा वाकू न देणं, रजिस्टरचं प्रत्येक पान वाचणं, लक्ष्याचा दाब स्वतःच्या खांद्यावर अडवून खाली जाऊ न देणं, हे सगळं त्यालाच करावं लागतं. मधल्या फळीलाही धक्का बसतो. कालपर्यंत हुकूम देणाऱ्या सुपरवायझरला आता ऐकणं, शिकवणं आणि पाठीशी उभं राहणं शिकावं लागतं. त्याला यासाठी वेळ आणि मान दोन्ही दिले नाहीत, तर तोच ही पद्धत शांतपणे मोडून टाकतो.

कामगाराच्या बाजूनेही एक देणं आहे. अधिकार हवा असेल तर सहीही करावी लागते. पाहिलं ते लिहावं लागतं, चुकलं तर तेही. थांबवण्याचा हक्क आपल्या सोयीसाठी वापरला तर दुसऱ्याच दिवशी त्याचं वजन जातं, आणि पुढच्या खऱ्या धोक्याच्या वेळी कुणी ऐकत नाही.

वणीच्या जमिनीतून कोळसा निघतो तोवर निघेल, कधीतरी थर संपतील. पण तीन पाळ्यांत काम करणाऱ्या हजारो माणसांनी इथे एक शिस्त वर्षानुवर्षं अंगी बाणवली आहे, आणि ती खाणीबाहेरच्या धंद्यांना देता येण्यासारखी आहे. ज्याच्यासमोर धोका आधी उभा राहतो, त्याला थांबवण्याचा अधिकार द्या, तो वापरायला शिकवा, वापरल्यावर पाठीशी उभे राहा, आणि त्याने लिहिलेल्या प्रत्येक ओळीला उत्तर द्या. ज्या मालकाला हे आजपासून करायचं आहे, त्याने पहिलं काम एवढंच करावं: आपल्या कारखान्यात, दुकानात किंवा दवाखान्यात सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला विचारावं, 'इथे तुला काय थांबवावंसं वाटतं, आणि आजवर का थांबवलं नाहीस?' आणि मिळालेलं उत्तर वहीत, तारीख घालून, लिहून घ्यावं.